कोल्हापुरात मूल होण्यासाठी ट्रीटमेंट – डॉक्टर बदलावा का? (जरा मोठं लिहिलंय, सांभाळून घ्या)

बावडेकरीण | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायचं धाडस करतेय. मी ३३, आमचे हे ३६, लग्नाला पाच वर्षं झाली, राहायला कसबा बावड्यात. पहिलं दीड वर्ष घरचेच म्हणत होते होईल होईल, मग एका डॉक्टरांकडे गेलो, तिथं ह्यांची एकदा टेस्ट झाली, माझ्या गोळ्या, फॉलिकल (बीजाची पिशवी) बघायला सोनोग्राफ्या, तीन आययूआय (ह्यांचे शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडतात ते), काही नाही. मग नणंदेच्या ओळखीनं दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे. तिथं सकाळी नऊला टोकन घ्यायचं, नंबर येतो दीड वाजता, आत गेल्यावर चार मिनिटं. खरंच चार, मी एकदा मोबाईलवर बघितलं. एचएसजी, म्हणजे ट्यूबचा एक्सरे, करून घेतली (दुखतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी एकटीच गेले होते), ट्यूब उघड्या आहेत म्हणाले. आता म्हणतात सगळं नॉर्मल आहे, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करून टाकू.

मी विचारलं सगळं नॉर्मल आहे तर मग होत का नाही, तर म्हणाले गुगल वाचत बसू नका, डोक्याला ताण घेतलात की हार्मोन बिघडतात. आणि बोलताना सगळं ह्यांच्याकडे बघून, नाहीतर सासूबाईंकडे बघून. पोट माझं, सुया मला. बाहेर आल्यावर एका मुलीनं पॅकेजचा कागद दिला, १ लाख ६० हजार, इंजेक्शनं वेगळी. इंजेक्शनं किती ते म्हणे पेशंटवर असतं.

ह्यांना शिरोलीला फाउंड्रीत शिफ्ट असते त्यामुळं दर वेळी सुट्टी मिळत नाही, बऱ्याचदा मी नाहीतर सासूबाई आणि मी. प्रश्न एवढाच, इथंच करावं का पुण्याला जावं का आणखी तिसरा डॉक्टर बघावा? आणि डॉक्टरांना प्रश्न विचारले की ते चिडतात तर विचारायचं कसं? मला आत गेलं की काही सुचतच नाही, बाहेर रिक्षात बसल्यावर सगळं आठवतं.

चालक | सोमवार, रात्री ११:५९

धाग्यात डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची नावं लिहू नका, चांगली पण नको आणि वाईट पण नको. ज्यांना द्यायची त्यांनी एकमेकांना निरोपातून द्या. रिपोर्टचे फोटो टाकताना नाव झाका.

जयसिंगपूरची_मावशी | मंगळवार, सकाळी ७:१०

बाळा रिक्षात बसल्यावर आठवतं हे सगळ्यांचंच. मी वहीच केली होती, शंभर पानी, पुढं गणपतीचं चित्र असलेली. आदल्या रात्री तीनच प्रश्न लिहायचे, जास्त नाही. आत गेलं की वही उघडून मांडीवर ठेवायची. वही बघितली की डॉक्टर पण जरा सावरून बसतात हा माझा अनुभव, का कुणास ठाऊक. उत्तर तिथंच लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं, "म्हणजे असं ना डॉक्टर?" त्यात अर्धी गडबड निघते. मला एकदा सांगितलेली गोळी "एक दिवसाआड" होती आणि मी रोज लिहिलं होतं, वाचून दाखवलं म्हणून कळलं.

आणि सासूबाईंना बाहेर बसवा. वाईट वाटेल, वाटू दे.

गुळाची_ढेप | मंगळवार, सकाळी ९:३२

पुरुष आहे, त्यामुळं आधीच सॉरी म्हणून लिहितो. आमच्यात बायकोची सगळी तपासणी झाली, लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून बघतात ते) पर्यंत गेलो, आणि माझी वीर्याची टेस्ट सगळ्यात शेवटी. का, तर मी गेलोच नाही. डॉक्टर दर वेळी म्हणायचे मिस्टरांना पाठवा, ही घरी येऊन सांगायची आणि मी म्हणायचो आमच्या घराण्यात असलं काही नाही. घराण्यात म्हणे! चार भाऊ, बारा पोरं, हा माझा पुरावा. दीड वर्ष घालवलं असं. शेवटी गेलो तर शुक्राणूंचा काउंट कमी, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या) निघालं, ऑपरेशन झालं, पुढं मुलगी झाली, आता शिशूला जातीय.

सांगायचं म्हणजे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं नाहीतर जोडीला असतंच, आणि ती टेस्ट सगळ्यात स्वस्त, बिनदुखाची. तुमच्या मिस्टरांची टेस्ट "एकदा झाली" एवढंच लिहिलंय ताई. कधी झाली? कुठल्या लॅबला? पहिल्या डॉक्टरांचा तो कागद दुसऱ्यांनी बघितला का?

पेठेतला_पैलवान | मंगळवार, सकाळी १०:०५

अंबाबाईची ओटी भरा, अकरा शुक्रवार, आमच्या मेव्हणीला गुण आला.

जयसिंगपूरची_मावशी | मंगळवार, सकाळी १०:२०

भरली असणारच हो तिनं, कोल्हापुरात राहून काय ओटी भरायची राहिलीय होय. ती डॉक्टरांचं विचारतीय.

गडहिंग्लजची_सून | मंगळवार, दुपारी २:१५

पुण्याचं सांगतो, कारण आमी पुण्याला गेलतो. (व्हय, आमच्यात बायका पण "गेलतो"च म्हणतात, व्याकरण शिकवायला कुणी येऊ नका.)

डॉक्टर चांगले हुते, शंकाच नाही. पण आयव्हीएफ म्हंजे एकदा जाऊन यायचं काम नव्हं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावत्यात, मग नऊ-दहा दिवस इंजेक्शनं, मधी एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, प्रत्येक बारी रक्त. गडहिंग्लजहून कोल्हापूर, तिथनं पुणं, हायवेचं काम चालू, खंबाटकीला गाडी अडकली की संपलं. शेवटचं इंजेक्शन तर अगदी घड्याळ लावून घ्यायचं असतंय, आमाला रात्री साडेदहाचं दिलतं आणि मग ३५ तासांनी बीज काढायचं. उशीर झाला तर बीजं आपोआप फुटून जात्यात, सगळं पैसं पाण्यात. त्या भीतीनं आमी बारा दिवस पुण्यात लॉजवर राहिलो, ह्यांचा पगार कट, जेवण बाहेरचं, मी एकटी खोलीत भिंत बघत बसायची. पहिली बारी गेली.

दुसऱ्या टायमाला आमीच त्यांला विचारलं की मधल्या सोनोग्राफ्या कोल्हापुरात करून रिपोर्ट पाठवला तर चालंल का. हो म्हणाले! आधी विचारलंच नव्हतं आमी. मग फक्त बीज काढायला आणि गर्भ सोडायला दोनदा गेलो. म्हणून म्हणतो, लांबचा डॉक्टर वाईट नसतोय पण त्याला आपलं गाव सांगायला पायजे, एसटी किती वाजता हाय ते पण सांगायला पायजे.

कागलकर | मंगळवार, दुपारी ३:४०

मला जरा उलटं वाटतं. लोक डॉक्टर फार बदलतात. इथं दोन, सांगलीत एक, मिरजेला एक (आपल्याकडं काही झालं की मिरज), मग पुणे. प्रत्येक जण पहिल्यापासून टेस्टा करतो, वय वाढत जातं, पैसे संपतात. माझी वहिनी स्त्रीरोगतज्ञ आहे, ती सांगते पेशंट आधीची फाईल लपवतात. का तर नवीन डॉक्टरनं "कोरं" बघावं म्हणून. नवऱ्याचा रिपोर्ट लपवतात. तंबाखूचा मावा खातो का विचारलं तर नवरा नाही म्हणतो आणि बोलताना गाल फुगलेला असतो. आणि चार मिनिटांचं म्हणाल तर बाहेर ऐंशी पेशंट बसलेत, त्यातले चाळीस बिगर अपॉइंटमेंटचे, ओळखीनं घुसलेले. तुमच्यासारखेच, नणंदेच्या ओळखीचे. एक डॉक्टर धरा आणि विश्वास ठेवा.

रंकाळ्याची_भेळ | मंगळवार, दुपारी ४:०२

विश्वास ठेवायला आधी तोंड उघडू द्यायला पाहिजे ना पेशंटला. "ताण घेतलात की हार्मोन बिघडतात" हे उत्तर आहे का? मला पण हेच सांगितलं होतं, नंतर टीएसएच बघितली तर थायरॉईड. ताण नव्हता, थायरॉईड होतं.

लॅबमधली | मंगळवार, रात्री ९:२५

मी डॉक्टर नाही, आयव्हीएफ लॅबमध्ये काम केलंय बरीच वर्षं. काही गोष्टी सांगते, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

२०२१ चा एआरटी कायदा (मूल होण्याच्या ह्या ट्रीटमेंटांचा) आहे, २०२२ पासून लागू. त्याप्रमाणे प्रत्येक सेंटरची नोंदणी पाहिजे. लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआयपर्यंत, लेव्हल २ म्हणजे आयव्हीएफ वगैरे करता येतं. सर्टिफिकेट भिंतीवर असतं, नसेल तर मागा, मागायला लाज नको. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी सगळ्यांना दिसते, त्याच्या शेजारचा कागद कुणी वाचत नाही. संमतीपत्राची पानं इंग्रजीत पुढं केली तर मराठीत समजावून घ्या, सही त्यानंतर. घाईत, भुलीच्या आधी पंधरा मिनिटं सही करणारी जोडपी मी इतकी बघितलीत.

सक्सेस रेट. सगळे हा प्रश्न विचारतात आणि सगळ्यांना साठ, सत्तर असा आकडा मिळतो. विचारायचं असं: साठ कशाचे? प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याचे, ठोके दिसले त्याचे, का बाळ हातात आलं त्याचे? ह्यात खूप फरक पडतो. आणि माझ्या वयाच्या बायकांचे का सगळ्यांचे मिळून? दात्याचं बीज वापरलेल्या केसेस त्यात धरल्या का? ज्यांची इंजेक्शनं सुरू झाली पण एम्ब्रिओ (गर्भ) तयारच झाला नाही त्या बायका मोजल्यात का? एवढं विचारलंत आणि डॉक्टर न चिडता सांगायला लागले तर अर्धं काम झालं. आकडा लहान निघाला तरी.

एएमएचबद्दल (रक्ताची टेस्ट असते): त्यावरून बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज येतो, बीज चांगलं का वाईट ते नाही. एएमएच कमी म्हणून नैसर्गिक होणारच नाही असं पण नाही. रिपोर्टवर लाल अक्षर बघून रडत आलेल्या मुली बघितल्यात म्हणून सांगतेय.

मिस्टरांच्या टेस्टला आधी दोन ते सात दिवस संबंधांचा गॅप लागतो. घरून सॅम्पल आणणार असाल तर तासाभरात पोचवा, डबी शर्टच्या आत अंगाला धरून, गाडीच्या डिकीत नाही. एकच रिपोर्ट धरून बसू नये, खालीवर होत असतो, ताप येऊन गेला असेल तरी दोन-तीन महिने परिणाम दिसतो. तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट असेल तर तो मी तरी आजचा धरणार नाही.

बावडेकरीण | मंगळवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार, वाचता वाचता दोनदा उठून पाणी प्यायले. गुळाची ढेप, ह्यांची टेस्ट साडेतीन वर्षांपूर्वीची. फाईल शोधली, काउंट २२ मिलियन, हालचाल बरी लिहिलीय. दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद बघून "ठीक आहे" म्हटलं आणि पुढं कधी करायला सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही. माझी एएमएच १.९.

कागलकर, ओळखीनं घुसलो हे खरंय. पण साडेचार तास बसून घुसलो.

पांढरा_रस्सा | बुधवार, सकाळी ६:५०

ताई, एक विचारू? शिरोलीला फाउंड्रीत म्हणजे नक्की कुठल्या खात्यात? फर्नेसवर आहेत का?

मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीतच पंधरा वर्षं काढली म्हणून विचारतोय. आपल्याकडं एवढ्या फाउंड्र्या, निम्मं कोल्हापूर कास्टिंगवर जगतं, आणि कुठला डॉक्टर विचारत नाही की तुम्ही दिवसभर कशापुढं उभे असता. शुक्राणू तयार होणारी जागा अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड लागते, म्हणून तर देवानं ती बाहेर ठेवलीय. आणि आपण आठ तास वितळलेल्या लोखंडापुढं, वर ॲप्रन, खाली जाड पँट. आमच्या मेल्टिंगच्या तिघांना उशिरा मुलं झाली, आता ह्याला शास्त्र म्हणा का योगायोग, मी डॉक्टर नाही. पण उष्णतेचा परिणाम होतो हे मला एका यूरोलॉजिस्टनीच सांगितलंय. त्यांनी हे पण सांगितलं की तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे आज बदल केला तर तीन महिन्यांनी रिपोर्टात दिसणार.

बावडेकरीण | बुधवार, सकाळी ८:०५

मेल्टिंगलाच आहेत. चार वर्षं झाली. त्याआधी मशीन शॉपला होते.

टेस्ट झाली तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते मेल्टिंगला जाऊन.

गुळाची_ढेप | बुधवार, सकाळी ८:११

आयला.

कागलकर | बुधवार, सकाळी ९:३०

बदला डॉक्टर. माझे शब्द मागे. म्हणजे सगळे नाही, फाईल मात्र पूर्ण घेऊन जा आणि मावा असेल तर सांगून टाका.

लॅबमधली | बुधवार, सकाळी १०:४४

घाईनं एकाच कारणावर येऊ नका, आधी टेस्ट परत करा. कारण सापडल्यासारखं वाटलं की माणूस बाकीचं बघायचं सोडतो. आणि तुमचं वय ३३ आहे, तीन महिने थांबणं आणि तीन वर्षं थांबणं ह्यात फरक आहे, किती थांबायचं तो आकडा डॉक्टरकडूनच काढून घ्या. जुन्या ठिकाणाहून सगळ्या रिपोर्टांच्या प्रती, एचएसजीची फिल्म, आययूआयच्या तारखा, कुठल्या गोळ्या किती दिल्या ते मागून घ्या. देत नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या, पेशंटचा हक्क आहे तो.

गडहिंग्लजची_सून | बुधवार, दुपारी १:००

आणि ह्यावेळी मिस्टरांला घिऊन जावा. रजा टाकायला लावा. नाहीतर तुमीच सगळं ऐकणार, घरी येऊन तुमीच सांगणार आणि त्यांला खरं वाटणार न्हाई.

बावडेकरीण | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. कुणीतरी निरोपातून नाव दिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन आलो. इथंच, कोल्हापुरात. हॉस्पिटल लहान आहे, एसी नाही, खुर्च्या जुन्या. फोनवर वेळ दिली होती सव्वापाचची आणि पावणेसहाला आत घेतलं. ह्यांनी रजा टाकली. सासूबाईंना घरी ठेवलं, ते प्रकरण वेगळं, परत कधीतरी लिहीन.

डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधी ह्यांना विचारलं, कामाला कुठं? हे म्हणाले शिरोलीला. कुठल्या खात्यात? मेल्टिंगला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मी घरी काही सांगितलं नव्हतं, म्हणजे इथं काय बोलणं झालं ते. भीती वाटत होती की सांगितलं तर म्हणतील माझ्यावर ढकलतीस.

मग ह्यांना आत नेऊन उभं करून तपासलं. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी ह्यांना तपासलं, माझी किती वेळा झाली असेल ते मोजायचं सोडलंय मी. व्हेरिकोसील वाटत नाही म्हणाले. टेस्ट परत केली, चार दिवसांचा गॅप ठेवून. काउंट ९ मिलियन. १६ च्या वर पाहिजे असतो. हालचाल पण कमी.

हे त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या वेळी वही घेऊन गेले. तीन प्रश्न. एक, उष्णतेनंच झालंय का? म्हणाले, असू शकतं, मावा पण आहे, नक्की एकच कारण मी छातीठोक सांगणार नाही. दोन, किती थांबायचं? तीन महिने, त्यातला एक दिवस जास्त नाही, मग परत टेस्ट, सुधारणा नसेल तर आयव्हीएफमधलाच एक प्रकार आहे ज्यात एकेक शुक्राणू बीजात सोडतात, तो करू, तुमच्या एएमएचला तीन महिन्यांनी फार फरक पडणार नाही पण वर्ष घालवू नका. तीन, त्यात होईलच का? तर सरळ म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत होते. मला रडू आलं, का ते माहीत नाही, वाईट वाटून नाही.

ह्यांनी साहेबांना सांगून डिस्पॅचला बदली घेतली. भट्टीचा जादा भत्ता गेला, महिन्याला जाणवतंय. मावा सोडलाय म्हणतात, मी खिसे बघत नाही. सासूबाईंना सांगितलंय की मेल्टिंगचं खातं कमी केलं म्हणून.

पैसे भरलेले नव्हते त्या जुन्या ठिकाणी हे बरं झालं. रिपोर्ट मागायला गेले तर रिसेप्शनवाली म्हणाली "कशाला पाहिजेत?" मी म्हटलं माझे आहेत म्हणून.

जयसिंगपूरची_मावशी | रविवार, रात्री १०:४१

शाब्बास ग पोरी.

पांढरा_रस्सा | सोमवार, सकाळी ६:३०

डिस्पॅच म्हणजे गाडी भरायला उन्हात नाही ना उभं करत त्यांना? पत्र्याखाली पण भट्टीच असते उन्हाळ्यात.

बावडेकरीण | सोमवार, सकाळी ७:१५

नाही, आतल्या बाजूला कागदाचं काम आहे, पंखा आहे. विचारलं मी.